वाटसरूचा हात आणि वैद्याचे दार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. महाविद्यालयात असताना आपणां सर्वांनीच हे चतुष्पाद आणि प्रत्येकाचे चार-चार गुण पाठ केले. उपस्थाता म्हणजे परिचारक, एवढे उत्तरपत्रिकेत लिहून आपण पुढे गेलो. व्यवसायाची वीसेक वर्षे लोटल्यानंतर मात्र आम्हांस असे वाटू लागले आहे, की या चारांपैकी ज्याच्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष गेले, तो हाच पाद होय.

उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण. घरी वा रुग्णालयात हे गुण असलेला माणूस शोधता येतो, नेमता येतो. पण रात्री अकरा वाजता जालना मार्गावर किंवा बीड मार्गावर एखादा दुचाकीस्वार पडला असेल, तर तेथे भिषक् नसतो, द्रव्य नसते, नातेवाईकही नसतो. असतो तो केवळ रोगी. अशा वेळी मागून येणारा कोणी ट्रकचालक, दूधवाला किंवा लग्नाहून परतणारे कुटुंब गाडी थांबवते आणि त्या क्षणी तो अनोळखी मनुष्य उपस्थाता होतो. त्याला उपचार ठाऊक नसतात, त्याचे हात थरथरत असतात, स्वच्छतेची तर गोष्टच नको. चारांपैकी एकच गुण त्याच्यापाशी असतो, तो म्हणजे अनुराग. आणि तोही ज्याचे नाव-गाव माहीत नाही अशा माणसाविषयी. उरलेले तीन गुण शिकवता येतात. हा मात्र शिकवून येत नाही.

अशा निःस्वार्थ मदतगारांविषयी कौतुकाचे शब्द पुष्कळ लिहिले जातात, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही थोड्या वेगळ्या बाजूने विचार करू इच्छितो. हा मदतगार जखमीला उचलून जेथे आणतो, ते दार पुष्कळदा आपले असते. पुन्हा असा प्रसंग आला तर तो गाडी थांबवील की नाही, हे त्या दारात त्याला काय अनुभव येतो यावर बरेचसे अवलंबून असते.

पैठणची वाळू आणि यरीहोची वाट

आपल्याच जिल्ह्यातील पैठणची एक आख्यायिका सर्वपरिचित आहे. भर उन्हात गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेले एक मूल रडत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील ते मूल उचलण्यास कोणी धजेना. एकनाथमहाराजांनी ते कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि त्याला त्याच्या घरी पोहोचवले. सोळाव्या शतकातील त्या समाजात हे सोपे नव्हते. मदतीस धावणाऱ्यास किंमत मोजावी लागते आणि म्हणूनच इतर लोक बाजूने निघून जातात, हे त्या कथेने तेव्हाच सांगून ठेवले आहे.

वाटसरूची कदर करण्याची रीत आपल्या शहरालाही नवी नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची पाणचक्की यात्रेकरू आणि फकिरांसाठी धान्य दळत असे. उन्हाळ्यात चौकाचौकांत उभ्या राहणाऱ्या पाणपोयाही त्याच वृत्तीच्या.

कायद्याच्या भाषेत ज्यास आज ‘गुड समॅरिटन’ म्हटले जाते, ते नाव बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातून आले आहे. जेरुसलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशास घायाळ करून टाकले. दोन प्रतिष्ठित माणसे त्यास पाहून पुढे गेली. परक्या आणि हलक्या लेखल्या जाणाऱ्या शोमरोनी जमातीचा एक मनुष्य थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षासव घालून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्यास धर्मशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या चालकाच्या हाती दोन नाणी ठेवून त्याची काळजी घेण्यास सांगितले आणि तो आपल्या कामास निघून गेला. व्रणावर तेल आणि आसव पाहून आपणां वैद्यांस कुतूहल वाटेल. पण आम्हांस विशेष वाटतो तो या कथेतील दुर्लक्षित माणूस, म्हणजे धर्मशाळेचा तो चालक. त्याने रक्ताळलेल्या अनोळखी माणसास आत घेतले. आणणाऱ्यास अडवून धरले नाही, दुसऱ्या दिवशी जाऊ दिले. त्याने दार लावून घेतले असते, तर त्या शोमरोनी मनुष्याची सारी करुणा रस्त्यातच संपली असती. आजच्या महामार्गावर त्या चालकाची जागा आपली आहे.

कायदा कशामुळे झाला

दार बंद झाल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या न्यायालयीन इतिहासात नोंदलेले आहे. एका स्कूटरस्वारास भरधाव मोटारीने धडक दिली. मागून येणाऱ्या एका माणसाने त्यास उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी, येथे मेडिको-लीगल केस घेत नाहीत, असे सांगून सुमारे २० किलोमीटर दूरच्या अधिकृत रुग्णालयाकडे पाठवले. तो माणूस जखमीस घेऊन निघाला. पण तेथे पोहोचण्यापूर्वीच जखमीचा मृत्यू झाला. या वृत्ताच्या आधारे परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८९ साली न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी मदत करणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कार्यपद्धती त्याच्या आड येऊ शकत नाही.

या प्रकरणात अनोळखी वाटसरूने आपले काम चोख केले होते, एकदा नव्हे तर दोनदा. साखळी तुटली ती त्याच्या पुढच्या कडीपाशी. पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्त समोर येताच औपचारिकतेची वाट न पाहता तत्काळ मदत देणे हे प्रत्येक नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाचे कर्तव्य ठरले. ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ हे शब्द वाचताना ते दुसऱ्या कोणासाठी आहेत, असे आपण समजू नये.

मदतगाराच्या संरक्षणाचा विचार व्हावयास मात्र आणखी दोन दशके गेली. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण अपघातग्रस्तास मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांपैकी ८८ टक्के लोकांना पोलिसांच्या वारंवार चौकशीची आणि न्यायालयाच्या खेपांची धास्ती होती. त्यांतील ७७ टक्के लोकांनी आणखी एक कारण सांगितले, ते आपण नीट ऐकले पाहिजे : रुग्णालये आणणाऱ्यासच थांबवून ठेवतात आणि पैसे भरल्याशिवाय उपचार सुरू करीत नाहीत. म्हणजे भीती केवळ खाकी गणवेशाची नव्हती, पांढऱ्या कोटाचीही होती.

याच संस्थेच्या याचिकेवर केंद्र शासनाने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांचे सार थोडक्यात असे :

१) सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्तास घटनास्थळी मदत करणाऱ्यावर किंवा रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक होऊन जखमीस इजा वा मृत्यू आला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही.

२) पोलीस किंवा अन्य कोणीही त्यास नाव, पत्ता वा इतर वैयक्तिक माहिती देण्याची सक्ती करू शकत नाही. तो स्वतःहून देऊ इच्छित असल्यास गोष्ट वेगळी.

३) धर्म, राष्ट्रीयत्व, जात वा लिंग यांवरून भेद न करता त्यास सन्मानाने वागवले पाहिजे.

४) तो स्वेच्छेने साक्षीदार झाल्यास त्याच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी, शक्यतो एकाच बैठकीत, त्याचा जबाब घ्यावयाचा आहे.

५) प्रत्येक सार्वजनिक व खासगी रुग्णालयाने या हक्कांचा फलक हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत दर्शनी भागात लावावयाचा आहे.

यांतील तिसरे कलम वाचताना आम्हांस पुन्हा पैठणच्या वाळवंटाची आठवण झाली. पाचव्या कलमाविषयी एवढेच म्हणतो, की प्रत्येकाने हा अंक बाजूस ठेवून आपल्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीकडे एकवार पाहावे.

शासनाने मदतगारांस पारितोषिकही ठेवले आहे. २०२१ साली ते ५,००० रुपये होते. २०२५ मध्ये ‘राह-वीर’ या नावाने ते २५,००० रुपये करण्यात आले. हेतू चांगलाच आहे. परंतु रस्त्यावर थांबणाऱ्या माणसांस जे आम्ही पाहिले आहे, त्यावरून वाटते की त्यांची मागणी बक्षिसाची नसते. आपणांस लवकर मोकळे करावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

बदललेले रस्ते

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १५ हजारांहून अधिक आपल्या राज्यातील होती. आपला जिल्हा तर चहूबाजूंनी येणाऱ्या मार्गांच्या संगमावर वसलेला. जुन्या रस्त्यांवर अपघात झाला, की शेतात काम करणारी माणसे, ढाब्यावरची पोरे आणि वस्तीवरील आया-बाया सर्वांआधी पोहोचत. बैलगाडी, जीप, ट्रॅक्टर, जे हाताशी असेल त्यातून जखमीस हलवले जाई.

समृद्धी महामार्गाने हे चित्र पालटले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. या मार्गास दुतर्फा कुंपण आहे. गावे जवळ असूनही दूर आहेत. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, सैलानी बाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचे वाहन वैजापूर तालुक्यात याच मार्गावर मालमोटारीवर आदळले. १२ जण दगावले, वीसहून अधिक जखमी झाले. अशा ठिकाणी पहिला मदतगार शेतकरी नसतो, तर ताशी शंभराच्या वेगाने येणारा दुसरा प्रवासीच असतो. त्याने थांबणे हेच एक धाडस आहे, कारण मागून येणाऱ्या वाहनाचा धोका त्यालाही असतो. म्हणून त्याने प्रथम आपले वाहन कडेच्या मार्गिकेत घेऊन इशारा-दिवे लावावेत, प्रवाशांस कठड्याबाहेर उभे करावे, १०८ वर दूरध्वनी करून किलोमीटरच्या खुणेचा आकडा सांगावा आणि मगच जखमीकडे वळावे. ही माहिती आपल्या रुग्णांना बोलता-बोलता देणे आपणांस सहज शक्य आहे.

१०८ चा उल्लेख आला म्हणून एक अभिमानाची गोष्ट नोंदवितो. २०१४ साली राज्यात ९३७ रुग्णवाहिकांनिशी ही सेवा सुरू झाली. त्या रुग्णवाहिकांत डॉक्टर असतो, आणि तेथे काम केलेल्या डॉक्टरांत बी.ए.एम.एस. पदवीधरांची संख्या मोठी आहे. अनोळखी वाटसरूच्या हातून जखमीस आपल्या हाती घेणारा दुसरा हात अनेकदा आपल्याच शाखेच्या एखाद्या तरुण वैद्याचा असतो.

दारात काय घडते

आमचे चिकित्सालय महामार्गापासून फार दूर नाही. एके रात्री एक ट्रकचालक दोन जखमी तरुणांना घेऊन आला. एकाच्या मांडीतून रक्त वाहत होते आणि चालकाने आपला गमछा त्यावर घट्ट दाबून धरला होता. आम्ही रक्तस्राव आटोक्यात आणला, मोडलेल्या पायास आधार बांधला आणि रुग्णवाहिका बोलावली. हे चालू असता तो दाराबाहेर उभा होता. आत बोलावले तरी येईना. अखेर हळूच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, माझं नाव लिहिणार का? गाडीत कांदा आहे, पहाटे मार्केटला पोचायचंय.” नाव सांगण्याची सक्ती नाही आणि जावयास हरकत नाही, असे सांगताच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. विशेष म्हणजे तो लगेच निघाला नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबला, स्ट्रेचर उचलू लागला आणि मगच गेला. मोकळीक मिळाली की माणूस पळतो, असा आपला समज असतो. आम्हांस त्या रात्री उलट प्रत्यय आला.

आपली भीतीही निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. लहान चिकित्सालयात एकटा वैद्य, मदतीस एखादी परिचारिका, समोर रक्तबंबाळ रुग्ण आणि तासाभरात जमणारा संतप्त जमाव. रुग्ण आपल्या टेबलावर दगावला तर काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला, तो या वास्तवामुळेच. परंतु जखमीस दारातून परत पाठवणे हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे. त्याने कायदेशीर जोखीम घटत नाही, उलट वाढते. आपली कुवत ओळखून प्राथमिक मदत देणे, पोलिसांस कळवणे, नोंद ठेवणे आणि विलंब न लावता घाटी रुग्णालय वा जवळच्या सुसज्ज केंद्राकडे पाठवणे, हाच आपल्याही संरक्षणाचा मार्ग आहे. नोंदवहीत वेळ, रुग्णाची अवस्था, दिलेली मदत आणि पाठवल्याची वेळ लिहावी. आणणाऱ्याच्या रकान्यात ‘अनोळखी वाटसरू, नाव सांगू इच्छित नाही’ असे लिहिणे पूर्णतः ग्राह्य आहे. पैशाचा प्रश्नही आता पूर्वीइतका बिकट नाही : मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे.

शल्य आणि सद्योव्रण

प्राथमिक मदत हा विषय आपल्या शास्त्रास परका नाही. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांचे वर्गीकरण करताना तीन मर्मे ‘विशल्यघ्न’ म्हटली. रुतलेले शल्य जागीच असेतो रुग्ण जगतो. ते उपटले की प्राण जातात, असा त्याचा आशय. काच, सळई वा लाकूड शरीरात रुतले असल्यास ते जागेवर काढू नये, भोवती आधार देऊन रुग्णास तसेच पाठवावे, हा आजच्या प्रथमोपचाराचा नियम याच्याशी किती जुळतो! रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन हे चार उपाय आपण शिकलो. रस्त्यावर मात्र स्वच्छ कापडाने थेट आणि सतत दाब देणे हाच पहिला व सर्वांत उपयुक्त उपाय ठरतो. दर मिनिटास कापड उचलून पाहणे टाळावे. भिजल्यास त्यावरच दुसरे कापड ठेवावे.

याशिवाय चार गोष्टी मदतगारास आणि आपल्या सहकाऱ्यांस सांगाव्यात. बेशुद्ध वा अर्धवट शुद्धीतील माणसास पाणी पाजू नये. ते श्वासमार्गात जाऊ शकते. मानेस वा पाठीस मार असल्याची शंका असेल तर आग किंवा वाहतुकीचा धोका असल्याखेरीज त्यास हलवू नये, आणि हलवावेच लागले तर मान, पाठ व डोके एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून उचलावे. श्वास चालू आहे का हे प्रथम पाहावे. अंगावर पांघरूण घालावे, कारण रक्त गेलेला माणूस उन्हाळ्यातही गारठतो.

औषध दुकानदार बंधूंसाठी

अपघात झाला की लोक दवाखान्याइतकेच औषधाच्या दुकानाकडे धावतात, कारण ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते. दुकानात निर्जंतुक गॉज, रुंद पट्ट्या, हातमोजे, त्रिकोणी पट्टी आणि आधारासाठी दोन-तीन फळ्या असलेली एक पेटी काउंटरखाली वेगळी ठेवावी. तिचा खर्च फार नाही, आणि त्या वेळी बिलाचा प्रश्न निघू नये. १०८ हा क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि ‘मदत करणाऱ्यास नाव विचारले जाणार नाही’ ही एक ओळ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी. वेदनाशामक गोळी हाती देऊन जखमीस वाटेला लावण्याचा मोह मात्र टाळावा.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने यंदा दोन कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. पहिले, सर्व सभासदांच्या चिकित्सालयांत व औषधालयांत मदतगाराच्या हक्कांचा मराठी फलक. दुसरे, महामार्गालगतच्या गावांत ढाबाचालक, पेट्रोल पंपावरील कर्मचारी, रिक्षाचालक आणि टोल नाक्यावरील कामगार यांच्यासाठी दोन तासांचे प्रथमोपचार वर्ग. अनुराग त्यांच्यापाशी आहेच. उपचारज्ञता, दाक्ष्य आणि शौच हे उरलेले तीन गुण त्यांना देणे आपल्या हाती आहे, आणि एवढे झाले की रस्त्यावरही चिकित्सेचा तो पाद पूर्ण होतो.

चरकाचार्यांनी वैद्याच्या वृत्तींत मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य यांस स्थान दिले. रात्री दार वाजते तेव्हा बाहेर आर्त एकटा नसतो. त्याला उचलून आणणारा, घाबरलेला, कामाचा खोळंबा झालेला आणि कपड्यांवर परक्याचे रक्त घेऊन उभा असलेला आणखी एक माणूस असतो. कारुण्य पहिल्यासाठी आणि मैत्री दुसऱ्यासाठी, असे आम्ही त्याचे विवरण करतो. जखमीवर उपचार सुरू करावेत, आणि त्या दुसऱ्यास हात धुण्यास पाणी द्यावे.